देवाच्या डब्यातले रिंगिट

आमच्या बाजारात म्हणतात, दुमाच्या आईला देवदूत भेटला तर ती आधी त्याच्या पंखांचा भाव विचारेल. मी तिच्या शेजारच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करतो. इतकी वर्षं तिचा आवाज माझ्या उजव्या कानात आहे की तो कान आता दुसरं फारसं ऐकत नाही. तिच्याबद्दल कोणीतरी लिहावं असं मला वाटायचं. कोणी लिहिलं नाही, म्हणून मी बसलो आहे. जमेल तसं लिहितो.

तिचं नाव तियुर. पण आम्हा बताक लोकांत पहिलं मूल झालं की आईबापांची नावं त्या मुलाच्या नावामागे जातात, तशी तीही दुमाची आई झाली. सुमात्रा बेटावर, आमच्या मेदानच्या बाजारात ती सुकी मासळी विकते. तिच्याकडची ती बोटाएवढी पांढरी मासळी समुद्रापलीकडच्या पिनांगहून येणारे पाहुणे किलोकिलोने घेऊन जातात आणि पैसे पुष्कळदा त्यांच्याच देशाचे, म्हणजे रिंगिट, देऊ करतात. इथूनच तिची विद्या सुरू झाली. आमच्या रुपियांत रिंगिट घेताना कितीला घ्यायचा, देताना कितीला द्यायचा, हे तिला रोज सकाळी ठाऊक असतं. आमच्याकडची माणसं पिनांगला जातात ती दात बसवायला किंवा छाती तपासायला, आणि फिरणं त्यातच उरकून घेतात. जाण्याआधी प्रत्येक जण तिच्या गाळ्यावर डोकावतो. बाईमाणसाला आम्ही मानाने इनांग म्हणतो, पुरुषाला आमांग.

"इनांग, आज बदलून घेऊ का पैसे?"

"आज नको. उद्यापासून शाळांच्या सुट्ट्या, सगळे धावतील. सोमवारी जा. आणि विमानतळावर बदललेस तर माझ्याकडे मासळी घ्यायला येऊ नकोस, कळलं? तिथे सोललेल्या केळ्याचंसुद्धा साल परत घेतात."

कोपऱ्यावरचा चिनी को लियोंग, को म्हणजे दादा, पैसे बदलून देतो. तो म्हणतो, "या बाईमुळे माझ्या पोराला मोटार घेता आली नाही." तिची पद्धत साधी. आधी त्याच्याकडे भाव विचारायचा, मग पलीकडच्या दुकानात, मग परत त्याच्याकडे येऊन नुसतं सुस्कारा टाकून उभं राहायचं. तो बिचारा सुस्काऱ्यालाच दहा रुपिया कमी करायचा.

गंमत अशी की एवढं सगळं करूनही तिने स्वतः कधी समुद्र ओलांडला नव्हता. तिच्याकडे पासपोर्टच नव्हता.

तिचा नवरा बोनार. तो विमानतळाच्या रस्त्यावर मिनिबस चालवायचा. आयुष्यभर लोकांना विमानाच्या दारापर्यंत सोडलं आणि गाडी वळवून परत आला. गुडघे गेले तेव्हा गाडी विकली, पण चालकाची जागा काही त्याच्यातून गेली नाही. चर्चमध्ये तो पहिल्या बाकावर बसतो. कोणाच्या गाडीत बसला तर पुढेच बसणार, आणि वळण आलं की उजवा पाय आपोआप दाबणार. मागे बसवलं तर त्याला मळमळतं. एकदा लग्नाला जाताना त्याला मागे बसवलं होतं. त्या लग्नाचं जेवण त्याने पाहिलंसुद्धा नाही.

नाताळात त्यांच्या दुमाने बाताम बेटावरून दोघांना पासपोर्ट काढायला लावले आणि पिनांगची विमानाची तिकिटं पाठवली. ईस्टरनंतर जायचं होतं. तिकिटं स्वस्तात मिळालेली, म्हणून तारीख बदलायची सोय नव्हती. बोनार ती घेऊन माझ्या गाळ्यावर आला. तिकिटांपेक्षा त्याला मला फोनवरचा एक व्हिडिओ दाखवायचा होता. पिनांगच्या डोंगरावर चढणारी गाडी, दोरीने ओढली जाणारी, सरळ भिंतीसारख्या उतारावर. पुढच्या काचेतून काढलेलं चित्र होतं.

"आमांग, बघा. पुढची जागा. इथे बसलं की सगळा रस्ता समोर."

"रूळ आहेत रे ते."

"रूळ म्हणजे रस्ताच. खड्डे नसलेला."

त्याने तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की शेवटी दुमाच्या आईने फोन काढून मासळीच्या टोपलीत लपवला. मग म्हणाली, "जाऊ हो. डोंगरावर जाऊ. पैशांचं माझ्यावर सोडा."

इथेच चूक झाली, आणि ती चूक तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी केलीच नसती. रिंगिट तेव्हा तेहेतीसशे रुपियांना मिळत होता. दुसरी कोणी बाई असती तर त्याच दिवशी जाऊन घेऊन आली असती. ही म्हणाली, बत्तीसशेला येईल. आयुष्यभर दुसऱ्यांना हजार-पाचशे वाचवून दिले, आता स्वतःच्या सहलीला बाजारभावाने घेऊ? लोक काय म्हणतील?

भाव बत्तीसशेला आला नाही. चौतीसशे झाला. ती को लियोंगकडे जाऊन सुस्कारली. भाव हलला नाही.

"को, माझा सुस्कारा जुना झाला का?"

"इनांग, सुस्कारा झकास आहे. पण हा भाव मी नाही लावत. क्वालालंपूरला जाऊन सुस्कारा."

जायला दोन आठवडे उरले तेव्हा भाव पस्तीसशेवर बसला होता. तिने घरात बसून हिशेब केला. खोली, जेवण, येण्याजाण्याचं भाडं सगळं बसत होतं. बसत नव्हती ती डोंगरगाडीची दोन तिकिटं. आणि ती बाहेरच्या देशातल्या माणसांना जरा महागच असतात.

बोनार म्हणाला, "डोंगर आपल्याकडे कमी आहेत का? तोबाच्या तळ्याकडे जाऊ की एखाद्या रविवारी."

"तोबाला गाडी आहे का चढायला?"

"नाही."

"मग गप्प बसा."

मासळी तोलताना तिचा तराजू त्या आठवड्यात गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकायला लागला, म्हणजे ती किती घसरली होती ते समजा. बोनारने फोनवरचा व्हिडिओ स्वतःच पुसून टाकला होता. हे तिने मला सांगितलं, आणि सांगताना टोपलीतली मासळी उगाच वरखाली करत राहिली.

त्या रविवारी चर्चमध्ये दानाची पिशवी फिरत होती. आमच्या समोरच्या बाकावर पासारिबूंची विधवा बसली होती. ती नुकतीच पिनांगहून डोळ्याचं करून आली होती. तिने पर्समधून दोन निळ्या नोटा काढल्या, एक-एक रिंगिटच्या, आणि पिशवीत टाकल्या. वरून मूठभर नाणी. पिशवी खळकन वाजली. पलीकडच्या बाकावरून दुमाच्या आईची मान अशी वळली की मला वाटलं आता लचकणार.

आमच्याकडे हे सगळेच करतात. पिनांगहून परत आलेल्याच्या खिशात चिल्लर उरते. को लियोंग नाणी घेत नाही, आणि एकच्या नोटांना कमी भाव देतो. मग ती घरात पडून राहण्यापेक्षा देवाला जाते. देव भाव करत नाही.

उपासना संपल्यावर आम्ही चार जण मागच्या खोलीत दान मोजायला बसतो. डोळ्याला लावायचं भिंग माझ्याकडे असतं म्हणून मलाही बसवतात. प्रमुख आमचे सिंतुआ हुल्मान, म्हणजे मंडळीतले वडीलधारे. मनाने चांगले, पण देवाच्या पैशाच्या बाबतीत देवापेक्षा कडक. दुमाची आई दार न वाजवता आत आली.

"सिंतुआ, परदेशी पैसे कुठे ठेवता तुम्ही?"

"का?"

"सहज विचारलं."

"तुम्ही सहज काही विचारत नाही, इनांग."

हुल्मानांनी कपाटाच्या वरून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढला. वर्षानुवर्षांचे रिंगिट त्यात साठले होते. नाणी, एकच्या नोटा, पाचच्या, मधूनच एखादी दहाची. हलवला तर वाजला नाही, इतका गच्च होता.

"हे मला द्या. रुपियांत घेते. बत्तीसशेने."

"बाजारात पस्तीसशे आहे."

"तो विकण्याचा भाव. तो नोटांचा. देवाच्या नाण्यांना बाजारात भावच नाही. खोटं वाटत असेल तर को लियोंगला विचारा."

हुल्मान डब्याकडे बघू लागले. का ते मला माहीत होतं. मागच्या वर्षी ते हाच डबा घेऊन गेले होते. को लियोंगने नोटांना तीन हजार सांगितले आणि नाण्यांकडे बघून म्हणाला, याचे खिळे तरी झाले असते तर घेतले असते.

"चौतीसशे," हुल्मान म्हणाले.

"सिंतुआ, हा डबा इथे अजून दहा वर्षं राहिला तर याला पिल्लं होणार आहेत का?"

"देवाचा तोटा मी करणार नाही."

"देवाचा तोटा कुठे? को तीन हजार देतो, तेही निम्म्याचेच. मी सगळ्याचे तेहेतीसशे देते, अगदी पाच सेनच्या नाण्यासकट. देवाला जास्त मिळाले, मला कमी लागले. यात रडणारा एकच, तो म्हणजे को. आणि तो आपल्या चर्चचा नाही."

आम्ही मोजणारे खाली मान घालून मोजत होतो. कोणीतरी फिसकन हसलं. मी नव्हतो, असं मला वाटतं.

हुल्मानांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. तेहेतीसशे. पण नियम नियम आहे. येत्या रविवारी टिंगटिंगमध्ये वाचावं लागेल."

मोजणाऱ्यांचे हात थांबले. टिंगटिंग म्हणजे आमचं रविवारचं सूचनावाचन. कोण जन्मलं, कोणाचं लग्न ठरलं, कोणी छपरासाठी किती दिले, सगळं मोठ्याने, नावानिशी. सात पिढ्यांची अब्रू त्यातच घडते आणि त्यातच जाते.

"भावसुद्धा?" तिने विचारलं.

"भावसुद्धा. नाहीतर लोक म्हणतील हुल्मानने संगनमत केलं."

तिचा चेहरा उतरला. भाव करणारी म्हणून नाव होणं वेगळं, आणि देवाशी भाव केला म्हणून नाव होणं वेगळं. ती उभी राहिली. दाराकडे गेली. मला वाटलं, संपलं. बाहेर अंगणात बोनार कोणाच्या तरी नव्या गाडीत पुढे बसून बघत होता, मालक शेजारी उभा. बोनारचा उजवा पाय दाबला जात होता. गाडी बंद होती.

ती तशीच परत वळली.

"वाचा," ती म्हणाली. "पण नीट वाचा. को किती देतो तेही वाचा."

ती पूर्ण आठवडा आवाज न चढवता मासळी विकत होती. गिऱ्हाइकं विचारू लागली, इनांगचा घसा बसलाय का. रविवारी ती सगळ्यात मागच्या बाकावर बसली, बोनार पहिल्या. हुल्मान उभे राहिले. एक बारसं, दोन लग्नं, एक गुडघ्याचं ऑपरेशन. मग घसा खाकरून म्हणाले,

"मंडळीकडे साठलेले परदेशी पैसे, नाण्यांसह, भगिनी तियुर सिहोतांग यांनी रिंगिटमागे तेहेतीसशे रुपियांनी घेतले. मनी चेंजरने नाणी नाकारली होती आणि नोटांना तीन हजार सांगितले होते." इथे ते थांबले. कागदावर पुढे काही लिहिलेलं नव्हतं, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण कागद मीच लिहून दिला होता. "बहीण बत्तीसशे म्हणत होती. मी चौतीसशे. असा व्यवहार झाला. देवाचे आभार."

माना मागच्या बाकाकडे वळल्या. मग पासारिबूंची विधवा, डोळ्यावर अजून काळा चष्मा असलेली, मोठ्याने म्हणाली, "अगं, मग माझी चिल्लर मी कशाला टाकली पिशवीत! तुलाच दिली असती!"

चर्च हसलं. पाद्रीबाबासुद्धा हसले, आणि त्यांना मग पुढची प्रार्थना दोनदा सुरू करावी लागली.

बाहेर आल्यावर तिच्याभोवती गर्दी. "आमच्याकडे बरणी आहे." "आमच्याकडे सासूबाईंच्या उशीखाली आहेत, सासूबाई गेल्या, रिंगिट आहेत." "मला रुपियाच द्या, मी छपरासाठी देईन." दुसऱ्या दिवशी तिच्या गाळ्यावर मासळी कमी आणि चिल्लर जास्त होती. ती एकेकाला तेहेतीसशेने रुपिया मोजून देत होती, आणि आवाज परत आला होता.

"इनांग, माझ्या नोटेचा कोपरा फाटलाय."

"दे. फाटलेला कोपरा मी तिकडे गेल्यावर हातात धरून देईन."

को लियोंग कोपऱ्यावरून येऊन बघून गेला. "इनांग, माझं दुकान विकत घेता का?"

"तेहेतीसशेला देत असाल तर," ती म्हणाली.

अशा तऱ्हेने तिचे सगळे रिंगिट जमले. डोंगरगाडीची दोन तिकिटं त्यात बसली. अर्थात साधी तिकिटं. रांगेत न थांबता आत सोडणारी महागडी तिकिटं असतात, ती नाही. त्यामुळे पुढची जागा मिळेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. रांग मोठी असते, आणि पुढे धावणारी माणसं तरुण असतात. बोनारने त्यावर एकच उपाय केला. नवे बूट घेतले, पकड चांगली असलेले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. बोनारने सांगितलं तसं लिहितो, आणि मध्येमध्ये दुमाच्या आईने जिथे तोडलं तिथे तेही लिहितो.

मेदानच्या विमानतळावर तपासणीच्या यंत्रात तिची पिशवी गेली आणि यंत्रावरच्या माणसाने पट्टा थांबवला. पडद्यावर नुसता काळ्या ठिपक्यांचा डोंगर.

"आजी, हे काय आहे?"

"देवाचे पैसे."

"देवाचे?"

"आता माझे. भाव विचारू नका."

पिनांगला गेल्यावर तिने पहिल्याच दिवशी नियम घातला. आधी नाणी खर्च करायची. कारण मेदानला परत नेली तर ती पुन्हा कोणी घेणार नाही. नोटा उरल्या तर चालतील, त्या आपल्यासारख्याच कोणाला तरी देता येतील. हे तिचं म्हणणं बरोबरच आहे. त्यामुळे शेवयांच्या गाडीवर नाणी, बसमध्ये नाणी, चहाला नाणी. बसचा चालक म्हणे बोनारकडे बघून हसला, आणि बोनार त्याच्या मागच्याच जागेवर बसला, म्हणजे जवळजवळ पुढे.

डोंगराच्या पायथ्याला खरंच रांग होती. खिडकीत डोक्याला रुमाल बांधलेली एक मलय पोरगी होती. दुमाच्या आईने पिशवी उघडून खिडकीच्या फळीवर ओतली.

"मकचिक," पोरगी म्हणाली, तिकडे मावशीला तसंच म्हणतात, "नोटा नाहीत का हो?"

"आहेत. पण ही काय झाडाची पानं आहेत?"

"नाही, पण..."

"मग मोज, बाळ. मी पण मोजते. दोघी मिळून मोजू, लवकर होईल."

लवकर झालं नाही. पोरगी दहा-दहाचे ढीग करायची, आणि दुमाची आई तिचा ढीग चुकला की परत मोडायची. मागची रांग आधी कुजबुजली, मग सुस्कारली, मग दुसऱ्या खिडकीकडे सरकली. बोनार म्हणतो, त्याच्या डोळ्यांसमोर पन्नासभर माणसं तिकिटं घेऊन आत गेली. आतून गाडीची घंटा ऐकू आली. दार बंद झालं, गाडी सुटली. त्यांची तिकिटं अजून फळीवरच होती.

"झालं," बोनार म्हणाला. "मागचीसुद्धा जागा गेली."

दुमाच्या आईने ढीग पुन्हा एकदा मोजला. शेवटचं पाच सेनचं नाणं तिने बोटाने पुढे ढकललं. मग दोघं आत गेली. फलाट रिकामा. सगळी माणसं त्या गेलेल्या गाडीतून गेली होती. पुढच्या गाडीच्या दारापाशी साखळी लावलेली, आणि साखळीशी कोणीच नव्हतं. ही दोघं साखळीला जाऊन उभी राहिली. मागून हळूहळू पुन्हा रांग लागत गेली, आणि त्या रांगेच्या तोंडाशी बोनार, नवीन बुटांत.

साखळी निघाली तेव्हा तो धावला. गुडघे गेलेले असूनही धावला. सगळ्यात पुढची काच, आणि काचेसमोरची जागा त्याची.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, आमांग. सगळा रस्ता समोर. वर, वर, सरळ वर. आणि अर्ध्यात समोरून दुसरी गाडी येताना दिसली. त्याच रुळावर! सरळ आमच्या अंगावर! आणि चालक बघतोय शांतपणे, त्याच्या हातात स्टिअरिंगसुद्धा नाही!"

"अरे बापरे."

"मी ब्रेक दाबला. जितका जोर होता तितका. आणि शेवटच्या क्षणी रुळांना दोन फाटे फुटले, ती गाडी डावीकडून गेली, आम्ही उजवीकडून. वाचलो."

"ब्रेक तुमच्या पायाखाली नव्हता," दुमाची आई म्हणाली. ती मासळीच्या टोपल्यांमागून आली आणि माझ्या काउंटरवर पाय ठेवला. चप्पल काढली. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. "हा होता तुमचा ब्रेक. वर पोचेपर्यंत सोडला नाही."

"पुढची जागा होती ना," बोनार म्हणाला.

"सगळं मोजून घेतलं मी, आमांग," ती म्हणाली, "नाणंन् नाणं. फक्त यांच्या पायाचा भाव विचारायचा राहिला." आणि मग, चप्पल घालता घालता, "उतरताना पण पुढेच बसलो आम्ही. भरलेली गाडी सुटेपर्यंत वरच्या स्टेशनात मी तिथल्या कॉफीवाल्या पोरीला पैसे देत बसले होते."

"कशात?"

"नोटा होत्या हो माझ्याकडे," ती म्हणाली. "पण घाई कोणाला होती?"